दुसरी नळी दुधाळ कशी झाली

शिवगंगा माजलगावच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवत होती. हे वाक्य दिसायला सरळ आहे, पण त्यातला एकेक शब्द तपासून घ्यावा लागतो. कॉलेज होतं एका सहकारी संस्थेचं. संस्थेचं पूर्ण नाव इतकं लांबलचक होतं की रंगाऱ्याला ते पाटीवर बसेना, म्हणून सगळे तिला नुसतं 'संस्था' म्हणत. संस्था ठिबकच्या नळ्या विकायची, खत विकायची, दुष्काळ पडला की चारा छावणी चालवायची आणि उरल्यासुरल्या वेळात पदवीधर तयार करायची. जैवतंत्रज्ञान म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. तिच्यात काचेची भांडी होती, कोरडे नळ होते आणि एक फ्रिज होता, जो वीज असली तर गार व्हायचा. आणि 'शिकवत होती' म्हणजे तासिका तत्त्वावर. तास झाला तर ती मॅडम, नाही झाला तर नांदूरघाटच्या रुद्रप्पा किराणावाल्यांची थोरली लेक.

अशा माणसाचं चरित्र कोणी लिहीत नाही. चरित्रं लिहिली जातात आप्पारावांसारख्यांची. आप्पाराव संस्थेचे चेअरमन. त्यांचं चरित्र त्यांच्या हयातीतच आर्ट पेपरवर छापून झालं होतं, रंगीत फोटोंसकट, आणि ते कॉलेजच्या वाचनालयात सगळ्यात पुढे ठेवलेलं असे. त्यात शिवगंगाचं नाव नाही. म्हणून ही तेवढी भर.

शिवगंगाचा विषय एका वाक्यात सांगता यायचा आणि तीच तिची पंचाईत होती. विद्यापीठात तिने काही वर्षं एकच गोष्ट केली. डीएनए पाण्यात विरघळवायचा, त्यात मीठ घालायचं, पॉलिमर घालायचं आणि काय होतं ते बघायचं. नांदूरघाटला कोणी विचारलं की पोरगी शिकते तरी काय, तर रुद्रप्पा गल्ल्यावरून मान वर न करता सांगायचे, "मीठ घालायला शिकते." त्यांच्या दुकानात मीठ पोत्यानं पडलेलं होतं आणि ते घालायला शिकण्यासाठी एवढं लांब का जावं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई गंगासागर तर त्याहून वेगळ्याच काळजीत. लेकीच्या बाटलीतली पांढरी पूड, म्हणजे वाळवलेला डीएनए, माशापासून काढलेली आहे असं तिला कळलं, तेव्हापासून त्या बाटलीला घरच्या फ्रिजमध्ये बंदी झाली. गळ्यात इष्टलिंग आणि फ्रिजमध्ये मासा, हे तिच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

आता हा विषय काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत हुकेल. डीएनए म्हणजे लांबच लांब दोरा. त्यावरून बाप कोण ते कळतं, एवढं टीव्हीमुळे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. पण या दोऱ्याच्या अंगावर सगळीकडे ऋण भार असतो, म्हणून त्याचा एक भाग दुसऱ्या भागाला जवळ येऊ देत नाही. साध्या पाण्यात तो ऐसपैस पसरून राहतो. मीठ घातलं की मिठातले धन भाराचे कण त्याच्याभोवती जमतात आणि आपसातली ढकलाढकली बरीचशी निवते. तरी दोरा काही गोळा होत नाही, कारण भांडण निवलं म्हणून लगेच कोणी गळ्यात पडत नाही. मग पॉलिमर. ते प्लास्टिकच्याच जातीचं, पण पाण्यात विरघळणारं; ते डीएनएला हातसुद्धा लावत नाही. ते फक्त पाण्यात गर्दी करतं, एवढी की दोऱ्याला पसरायला जागा उरत नाही. पण नुसत्या गर्दीनेही भागत नाही, कारण आतली ढकलाढकली चालूच असते. दोन्ही एकदम असले, मीठही आणि गर्दीही, तरच तो मैलभर पसरलेला दोरा अचानक आक्रसतो, घट्ट गोळा होतो आणि नितळ पाणी दुधासारखं होतं. एवढं बघायला शिवगंगाने तारुण्याची बरीच वर्षं घातली आणि तिला कधीही त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पीएचडी मात्र अर्धी राहिली. शिष्यवृत्ती संपली, मार्गदर्शक निवृत्त झाले आणि ती माशाच्या पुडीची एक छोटी बाटली घेऊन परत आली. कुठेतरी कायमची नोकरी लागली की राहिलेले प्रयोग त्या पुडीवर पूर्ण करायचे, असं तिनं मनाशी धरलं होतं. मनात धरायला परवानगी लागत नाही.

वर्गात ती हे सगळं छावणीच्या भाषेत सांगायची, कारण निम्मी पोरं छावणीतून अंघोळीशिवाय उठून येत. बांधावरून तुटलेले दोन भाऊ घ्या, म्हणायची. कोणीतरी मध्ये पडून त्यांची शिवीगाळ थांबवली, तरी ते दोन टोकांना बसतील. नुसती छावणीची गर्दी झाली, तर उलट जागेवरून जास्त भांडतील. शिवीगाळही थांबली आणि गर्दीही झाली, तर एका ताडपत्रीखाली येतील. पोरांना हे इतकं पटलं की परीक्षेत सगळ्यांनी दोन भावांची गोष्ट व्यवस्थित लिहिली आणि डीएनए लिहायचा विसरले. दोघातिघांनी तर भावांची नावं आणि गट नंबरही घातले होते.

आप्पारावांना या विभागाचा अभिमान होता, कारण तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. शिवगंगाने एकदा पॉलिमर मागवून द्या असा अर्ज केला, तेव्हा आपलं गोदाम त्यानंच भरलेलं आहे, लागतील तेवढ्या नळ्या घेऊन जा, असं त्यांनी उदार मनाने सांगितलं होतं. ठिबकच्या नळीने हे काम होत नाही, हे समजावून देण्यात तिचा एक अख्खा उन्हाळा गेला.

आणि मग तो दुष्काळ आला. आधीचे काय कमी होते, पण या वर्षी धरणाच्या तळाला भेगा पडल्या आणि लोक त्या बघायला सुट्टीच्या दिवशी पोरंबाळं घेऊन जाऊ लागले. उसाचं चिपाड झालं. कारखान्याचा भोंगा बंद पडला, त्यामुळे किती वाजले हे कळेनासं झालं. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण आप्पारावांच्या कामाला मात्र बहर आला. छावणी, टँकर, छावणीची पाहणी, पाहणीचे फोटो. त्यातच त्यांनी पाण्याचे जार काढले. धरणापलीकडच्या त्यांच्या मळ्यात खोल बोअर होतं. तिथे गाळण्याचं यंत्र बसवलं आहे असं जाहीर झालं, फीत कापली गेली आणि निळे जार घरोघर, दवाखान्यात, शाळेत जाऊ लागले. प्रत्येक जारवर हात जोडलेले आप्पाराव आणि खाली मोठ्या अक्षरांत 'क्षारमुक्त'.

अशा वेळी विद्यापीठाची समिती येणार असल्याचं पत्र आलं. विभागाची मान्यता चालू ठेवायची की नाही, ते ती ठरवणार होती. आप्पारावांनी शिवगंगाला बोलावून घेतलं. समितीला असं काहीतरी दाखवा की डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे, रंग बदलला, धूर निघाला, काहीही चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मान्यता मिळाली तर तिची कायमची ऑर्डर त्याच दिवशी. नाही मिळाली तर खोलीत सरकी पेंड ठेवता येईल, छावणीला जागा कमीच पडते. हे ते धमकी म्हणून बोलले नव्हते. त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच सोयीच्या होत्या.

शिवगंगाने तीन नळ्यांचा प्रयोग ठरवला. पहिलीत डीएनए आणि मीठ, नितळ राहणार. दुसरीत डीएनए आणि पॉलिमर, तीही नितळ राहणार. तिसरीत तिन्ही, आणि ती सगळ्यांच्या देखत दुधाळ होणार. त्यासाठी लागणार होतं अगदी शुद्ध, ऊर्ध्वपातन केलेलं पाणी, ज्यात क्षाराचा कणही नको. ते काढायचं काचेचं यंत्र खोलीत होतं. पण तांब्याभर शुद्ध पाणी मिळवायला यंत्र गार ठेवण्यासाठी बादल्या बादल्या साधं पाणी मोरीत सोडावं लागतं. दिवाळीनंतर एकदा तिनं टँकरच्या पाण्यावर ते चालवलं, तेव्हा खाली मोरीच्या तोंडाशी बायका घागरी लावून उभ्या राहिल्या. तिला इतकी लाज वाटली की त्यानंतर तिने यंत्राला हात लावला नाही.

म्हणून ती बीडला गेली आणि औषधं-रसायनांच्या दुकानातून एक कॅन विकत घेऊन एसटीत बसली. मांडीवर काठोकाठ भरलेला पारदर्शक कॅन, आणि गाडीत उन्हानं करपलेली माणसं. शेजारच्या म्हातारीनं घोटभर मागितलं. हे पिण्याचं नाही, असं शिवगंगा म्हणाली. म्हातारीनं कॅनकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि लोकांची मनं कशी आटली आहेत त्याबद्दल पुढच्या बाकावरच्या बाईशी माजलगाव येईपर्यंत बोलत राहिली. शिवगंगा खिडकीबाहेर बघत बसली. खरं सांगूनही माणूस खोटा पडतो, याचा तिला तिथंच चांगला सराव झाला.

खोलीची चावी केशरबाईंकडे असे. केशरबाई प्रयोगशाळेच्या शिपाई. नवरा गेल्यावर संस्थेत लागलेल्या, वयानं आईएवढ्या, आणि काचेची नळी देव्हाऱ्यातल्या वाटीसारखी पुसणाऱ्या. शिवगंगावर त्यांचा जीव होता. हिचं एकदा कायमचं झालं की नांदूरघाटला जाऊन तिच्या आईशी लग्नाचं बोलायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

समिती आली त्या दिवशी सकाळी शिवगंगाने सगळं एकदा करून पाहिलं. तिन्ही नळ्या तिच्या म्हणण्याप्रमाणे वागल्या. ती खूष होऊन साडी बदलायला गेली, तेवढ्यात फाटकाशी ओवाळायला चला म्हणून बोलावणं आलं. विज्ञान विभागाच्या तपासणीत ओवाळण्याचं काम विज्ञानाच्या मॅडमकडेच होतं. मग शाली, नारळ, फेटे, प्रास्ताविक, आणि आप्पारावांचे दोन शब्द, जे ऐकता ऐकता एका सदस्याचा डोळा लागला.

वर खोलीत केशरबाईंना चहा करायचा होता. जारच्या पाण्याचा चहा करून त्यांनी आधीच एक पातेलं वाया घालवलं होतं. दूध ओतलं की तो फाटायचा. सगळ्या माजलगावात तो तसाच फाटत होता आणि सगळं माजलगाव दूधवाल्याला शिव्या देत होतं. पाहुणे विद्यापीठाचे, त्यांना फाटका चहा कसा द्यायचा? टेबलाखाली कॅन दिसला. पाणी असं की त्यात बोट घातलं तर दिसेल. केशरबाईंनी त्याचा चहा केला, आणि तो झाला सुद्धा अमृतासारखा.

मग त्यांनी ते केलं, जे कुठलीही नीट वळणाची बाई करेल. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत जात नाही, निदान चार दाणे तरी घालून जाते. मॅडमचा कॅन वापरला आणि तो तसाच मोकळा ठेवला, हे केशरबाईंच्या जन्मात झालं नसतं. त्यांनी कोपऱ्यातला निळा जार वाकवला, कॅन काठोकाठ भरला, झाकण लावलं, पदराने पुसला आणि होता तिथे ठेवला.

समिती वर आली. तिच्या प्रमुख होत्या वत्सलाबाई, रसायनशास्त्राच्या जुन्या प्राध्यापक, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि इतका चांगला चहा या दौऱ्यात कुठे मिळाला नाही, असं म्हणाल्या. आप्पारावांनी लगेच ते श्रेय स्वीकारलं. आमच्याच जारचं पाणी, ताई, क्षाराचा कण नाही, दुष्काळातसुद्धा आम्ही जनतेला हे देतो, वगैरे. कोपऱ्यात केशरबाई काही बोलणार होत्या, पण चेअरमनसाहेब बोलत असताना मध्ये बोलायची संस्थेत पद्धत नव्हती.

शिवगंगाने कॅनमधल्या पाण्यानं सगळे द्राव ताजे करून घेतले. पहिली नळी. मीठ घातलं, नितळ. तिनं समजावून सांगितलं की नुसत्या मिठाने दोरा गोळा होत नाही. दुसरी नळी. आता यात फक्त पॉलिमर आहे, मीठ नाही, म्हणून हीसुद्धा नितळच राहील, असं ती म्हणाली आणि नळी उजेडात धरली. नळी तिच्या बोटांत हळूहळू दुधाळ होत गेली.

तिसरी नळीही दुधाळ झाली, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. आप्पारावांनी टाळी वाजवली, त्यामुळे इतरांनाही वाजवावी लागली. एक चमत्कार दाखवा म्हटलं होतं, मॅडमनी दोन दाखवले, असं ते कौतुकानं म्हणाले. झोपेतून उठलेल्या सदस्याने फोटो काढला.

टाळ्या थांबल्यावर वत्सलाबाईंनी शांतपणे विचारलं, दुसरी नितळ राहायला हवी होती ना? मग काय झालं?

पूड खराब झाली असेल, नळी नीट धुतली गेली नसेल, असं काहीबाही शिवगंगाच्या डोक्यात येत होतं, पण सकाळी तर सगळं बरोबर आलं होतं. तेव्हा केशरबाई पुढे आल्या. काहीतरी बिघडलं आहे आणि आपला त्यात हात आहे, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

"मॅडम, त्या कॅनातल्या पाण्याचा म्या पाहुण्यायला चहा केलता," त्या म्हणाल्या. "मंग कॅन रिकामा कावून ठेवायचा, म्हणून जारातलं भरून ठिवलं. चुकलं का काई?"

आप्पाराव अशा वेळी सगळ्यांच्या आधी जागे होतात, म्हणून तर ते चेअरमन. त्यांनी कपाळाला हात लावला. अडाणी बाईच्या हाती प्रयोगशाळा दिली, आमचीच चूक, ताई. उद्यापासून ही बाई इथे दिसणार नाही. जीप आत्ता बीडला पाठवतो, जेवणं होईपर्यंत नवं पाणी येईल, मॅडम पुन्हा प्रयोग करून दाखवतील, आणि तो बरोबर येईल. त्यांनी शिवगंगाकडे बघून 'काय मॅडम' अशा अर्थाने भुवई उडवली. समितीतल्या दोघांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण जेवणाचा विषय निघाला होता.

शिवगंगानं फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की विभाग राहणार, ऑर्डर मिळणार, अर्धवट पीएचडी पुरी होणार, नांदूरघाटला आईच्या डोळ्याला डोळा देता येणार. आणि त्या बदल्यात जाणार कोण, तर केशरबाई. पाणी चोरलं म्हणून नव्हे, कॅन रिकामा ठेवला नाही म्हणून. तिला एकदम आप्पारावांचा राग आला. आणि त्या रागातच तिला दुसऱ्या नळीचा अर्थ लागला. नळी चुकली नव्हतीच. मीठ असल्याशिवाय ती दुधाळ होऊ शकत नव्हती, आणि मीठ तिनं घातलं नव्हतं. म्हणजे ते पाण्यात आधीपासून होतं, कारण क्षार म्हणजेही मीठच. ज्या पाण्यावर 'क्षारमुक्त' असं लिहून हे हात जोडून उभे होते, त्या पाण्यात.

ती म्हणाली, "जीप नको. मला जेवणापर्यंत थांबायची गरज नाही."

नळ्या विसळायच्या प्लास्टिकच्या बाटलीत जुनं शुद्ध पाणी थोडंसं उरलं होतं. तिने दोन स्वच्छ नळ्या घेतल्या. एकीत बाटलीतलं पाणी, दुसरीत कोपऱ्यातल्या निळ्या जारमधून सगळ्यांच्या देखत ओतलेलं. दोन्हींत सारखी पूड, सारखं पॉलिमर. मीठ कशातच नाही. पहिली नितळ राहिली. दुसरी दुधाळ झाली.

"केशरबाईंनी काही बिघडवलं नाही," शिवगंगा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. "या जारच्या पाण्यात क्षार आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. हे बोअरचं पाणी आहे, जसंच्या तसं. लेबल खरं असतं तर माझी नळी नितळ राहिली असती."

आप्पारावांचा चेहरा जारवरच्या फोटोसारखाच राहिला. एवढा हसरा चेहरा ठेवायलाही मेहनत लागत असणार. यंत्राचा एक भाग परदेशातून यायचा राहिला आहे, तो वाटेत आहे, दुष्काळात वाटा कशा असतात ताईंना माहीतच आहे, असं ते म्हणाले. वत्सलाबाईंनी मान हलवली, दोन्ही नळ्या मागून घेतल्या, उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या आणि कपातला उरलेला चहा संपवला.

अहवाल आला तेव्हा सगळ्यांनाच धक्का बसला. विभागाला मान्यता होती. प्रयोग अपेक्षेप्रमाणे आला नाही, पण त्याचा अर्थ जसा लावला गेला तसा आमच्या पाहण्यात दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात लावला गेलेला नाही, असा शेरा वत्सलाबाईंनी मारला होता. आप्पारावांनी तो शेरा फ्रेम करून कार्यालयात लावला. शब्द दिल्याप्रमाणे कायमची ऑर्डरही त्याच आठवड्यात निघाली, फक्त ती त्यांच्या सुनेच्या भावाच्या नावाची होती. त्याच्या पदवीत 'जैव' हा शब्द कुठेतरी होता म्हणे. शिवगंगाच्या तासिका पुढच्या सत्रापासून लागणार नव्हत्या. केशरबाईंना काढलं नाही, कारण त्यांना काढलं तर बोभाटा झाला असता. त्यांची बदली छावणीत झाली, शेण उचलायला. त्यांनी शिवगंगाला निरोप पाठवला की तिथं काम बरं आहे, गुरं उगाच बोलत नाहीत.

आणि जार? जार बंद झाले असतील असं ज्यांना वाटत असेल, ते बहुधा आमच्याकडचे नसतील. लेबल बदललं. 'क्षारमुक्त'च्या जागी 'नैसर्गिक खनिजयुक्त' आलं. शरीराला खनिजं लागतात, हे सगळ्यांना पटलं. शिवाय दुसरं पाणी होतं कुठे? गावात दोन मतं झाली. एक, मॅडमनी बोलायला नको होतं. दुसरं, मॅडमनी बोलायला हवं होतं, पण ऑर्डर हातात पडल्यावर. तिसरं मत कोणाचं असलंच, तर त्याने ते बोलून दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी शिवगंगा खोली आवरत होती. स्वतःचं असं तिथं फारसं नव्हतं. माशाच्या पुडीची बाटली तिने फ्रिजमधून काढली. तळाशी एका नळीपुरती पूड उरली होती. तेवढ्यावर पीएचडी होत नाही, पण ती तिची होती, म्हणून तिने रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात विमलबाई येऊन उभ्या राहिल्या. आप्पारावांची बायको. कॉलेजच्या कार्यक्रमांना त्या पहिल्या रांगेत बसत, पण वरच्या मजल्यावर त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरला त्यांनी खालीच थांबवलं होतं. बराच वेळ त्या खोलीतली भांडी बघत राहिल्या. मग पदराखालून एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

सून पोटुशी हाय, असं त्या म्हणाल्या. घरच्या माठातलं पाणी आहे. घरी येतात ते जार वेगळे असतात असं साहेब सांगतात, तरी एकदा बघून द्या. हे कोणाला कळता कामा नये.

शिवगंगाला हसावं की रडावं ते कळेना. नाही म्हणायचा तिला पुरेपूर अधिकार होता, आणि तिच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं. पण पोटुशी सून कोण होती, तर पाणी पिणारी एक मुलगी. शिवगंगानं पिशवीतून बाटली परत काढली. उरलेली सगळी पूड नळीत घातली, वरून विमलबाईंचं पाणी, मग पॉलिमर. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. नळी दुधाळ व्हायला फार वेळ लागला नाही.

याचा अर्थ काय, हे विमलबाईंनी विचारलं नाही. त्यांना तो ठाऊक होता. त्या खुर्चीवर बसल्या, त्यांचे डोळे भरून आले आणि आवाजात कोणीतरी घात केल्याचा राग होता.

"म्हंजे आमी बी तेच पितोय," त्या म्हणाल्या. "मला वाटलतं, ते निस्तं लोकायपुरतं हाय."